सूचक : तीनशे सतरा

सुखदेव, तू गेल्याच्या आठव्या दिवशी, तुझ्याच दारातल्या मांडवात, मी पोट धरून हसलो. समोर पांढऱ्या साडीत कमळवहिनी बसलेल्या, तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या जळतायत, भंतेजींचं पंचशील नुकतंच म्हणून झालेलं, आणि दूध संस्थेचा सचिव खुर्चीत वाकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतोय. लोकांना वाटलं, ह्याला धक्का बसलाय. दोघांनी पाणी आणून दिलं. धक्काच होता म्हणा, पण सुटल्याचा होता. कशातून सुटलो ते तुलाच सांगायला पाहिजे, कारण अडकवलं होतंस तूच.

त्याआधीचे आठ दिवस माझ्या घशाखाली भाकर उतरत नव्हती. डोक्यात एकच घोकणं: ह्या माणसाला मी ग्रुपातून काढलं, परत घेतलं नाही, आणि हा माझ्यावर रागावून गेला. फोन उघडला की ती ओळ दिसायची. तुझ्या नावापुढं, बारीक अक्षरांत, सचिवांनी काढून टाकलं म्हणून. फोनवर असलं काही लिहिलं की ते खोडता येत नाही. मी प्रयत्न करून बघितला.

आपला ग्रुप निघाला तो कामासाठी. त्या दुष्काळात आपल्या संस्थेनं माळावर गुरांची छावणी घातली होती. चाऱ्याची गाडी दिंद्रुडहून निघाली का, टँकर कुठं अडकला, एवढंच कळवायला मी तो काढला. जनावरांच्या कानात नंबराचे बिल्ले मारले होते, चारा त्या नंबरावर मिळायचा. पहिल्याच दिवशी तू लिहिलंस, "इथं माणसाच्या नावाला कोण इचारतंय? नंबर टाका. मी तीनशे सतरा." तुझ्या तांबड्या गायीचा नंबर तो. दुपारपर्यंत सगळा ग्रुप नंबरांवर आला. बायका एकमेकींना विचारायला लागल्या, "एकशे चाळीसच्या घरची पोरगी दिली का गं?" मला तेवढं सगळे सचिव म्हणायचे. तू म्हणायचास, "ह्याच्या कानात बिल्ला न्हाई, शिक्का हाय."

छावणी उठली, ग्रुप काही उठला नाही. तू रोज सकाळी विषय टाकायचास आणि सगळे त्याच्यावर तुटून पडायचे. देव आहे का. सुनेनं सासूला काय म्हणावं. पेरणी आधी का पोरीचं लग्न आधी. नांदूरघाटच्या तुझ्या जावयानं सुद्धा एकदा विषय टाकला, आणि तू त्याला जाहीरपणे सांगितलंस की सासऱ्याच्या ग्रुपात जावयानं वाचायचं असतं. वायरमनकी करताना तीस-बत्तीस वर्षं खांबावर चढून तू अख्खं गाव वरून बघितलेलं, त्यामुळं कुणाच्या घरात काय चाललंय ह्याबद्दल तुझ्याशी वाद घालायची सोय नव्हती.

साहेबलोक दुष्काळ बघायला आले तेव्हा तू लिहिलंस, "बघायला नऊ गाड्या आल्या. दुष्काळ बिचारा चालत आलता." कुणीतरी पावसाचा मंत्र पाठवला, दहा जणांना पुढं पाठवा म्हणजे पाऊस पडेल. तुझा जबाब आला, "धाडला. नऊ जण बोलायचे बंद झाले. धावी माझी बायको. ती म्हणली, पाऊस पडल तवा पडल, आधी दळण घेऊन या." हे वाचून मी संस्थेत एकटाच हसत बसलो होतो आणि समोर दूध मोजायचं थांबलं होतं. एकट्या बसलेल्या माणसाला असं हसवता येतं, हे मला तुझ्यामुळं कळलं.

आणि तुझे ते ठराव! आमच्या संस्थेच्या सभेत जसं असतं, ठराव मांडणारा सूचक आणि त्याला दुजोरा देणारा अनुमोदक, तसं तू ग्रुपात सुरू केलंस. "दुपारी बारा ते चार सूर्यानं रजा घ्यावी. सूचक, तीनशे सतरा." खाली धडाधड अनुमोदकांचे नंबर पडायचे. मी मात्र दरवेळी एकच लिहायचो, "सचिवाला अनुमोदन देता येत नाही. नियमात बसत नाही." ह्याच्यावर तू लिहायचास, "एकदा तरी दे बे. मरायच्या आधी एकदा." ही आपली गंमत होती. तू गेल्यावर त्या गमतीनं माझा जीव खाल्ला.

मेंढरं राखणाऱ्या धोंडिबाला ग्रुपात तूच आणलंस. छावणीत मेंढरं घेत नव्हते, फक्त मोठी जनावरं. त्यामुळं त्याच्या मेंढरांना बिल्ले नव्हते आणि त्याला नंबर नव्हता. मी म्हणालो, ह्याला कशाला घ्यायचं, ह्याला लिहिता-वाचता येत नाही. तू म्हणालास, "मेंढराला बिल्ला न्हाई तर न्हाई, माणसाला तरी घ्या." त्याचं नाव पडलं बिनबिल्ला. तो काही लिहायचा नाही. वर्षावर्षात कधी एखादं फुलाचं चित्र पाठवायचा, ते सुद्धा चुकून बोट लागून.

उसाचं भांडण मी इथं काढणार नाही असं ठरवलं होतं, पण आता निघालंच आहे तर सांगतो. तू म्हणायचास, "ऊस गोड असतोय, कारण तो शेजाऱ्याच्या वाटचं पाणी पितोय." माझा एक एकर ऊस तुझ्या डोळ्यांत खुपत होता. ह्या गोष्टीत मी तुला मानत नाही, सुखदेव. साखर कारखाना नसता तर आपल्या भागातली पोरं शिकली नसती. तू गेलास म्हणून मी हे मागं घ्यावं, एवढा काही मी दिलदार नाही. ते भांडण तसंच राहू दे. तुझ्याशी भांडण शिल्लक आहे म्हटलं की तू कुठंतरी आहेस असं वाटतं.

खरं भांडण झालं ते ह्या उन्हाळ्यात. गावातले बोअर एकापाठोपाठ आटले. संस्थेच्या बोअरला तेवढं पाणी होतं. मी नोटीस काढली आणि ग्रुपात टाकली: पाणी फक्त दूध घालणाऱ्या सभासदांना, पासबुक दाखवून. बोअरजवळ पाटीही लावली. मला वाटत होतं मी संस्था वाचवतोय. क्यान धुवायला पाणी नसलं तर दूध नासतं, दूध नासलं तर संस्था बुडते, हे सगळं मला पाठ होतं.

तुझा जबाब आला, "पाण्याला पासबुक लागलं. आता तहानंला शेअर घ्यावा लागंल." आणि खाली ठराव: "आधी माणूस, मग जनावर, मग क्यान. सूचक, तीनशे सतरा."

अनुमोदनाची रांग लागली. दोन दिवस लोक मला बघून हसत होते. संस्थेतला माप घेणारा सुद्धा "पासबुक आणलं का?" असं म्हणत चहा द्यायला लागला. माझं डोकं फिरलं आणि मी ते लिहिलं. ते वाक्य मला तुझ्यापुढं परत म्हणायची लाज वाटते, पण म्हणतो. "ज्याच्या दावणीला शेपूट नाही, त्यानं दूध संस्थेला शहाणपण शिकवू नये." छावणीच्या साली तुझी तांबडी गेली, त्यानंतर तू जनावर घेतलं नाहीस. ती गेली तेव्हा तू दोन दिवस तिच्या रिकाम्या खुंट्याजवळ बसून होतास. मी तिथं आलतो, तुझ्या शेजारी बसलतो. सगळं ठाऊक असून मी ते लिहिलं.

तू लगेच लिहिलंस, "शेपूट न्हाई हे खरं. म्हणून तर कुणापुढं हलवीत न्हाई."

मी तुला काढलं.

पुढच्या बाजारात, दिंद्रुडला, वांग्यांच्या ढिगापलीकडून तू हात वर केलास. मी वांगी बघत बसलो. कमळवहिनी म्हणाल्या, "सचिव दिसत्यात का ओ?" आणि तू म्हणालास, "दिसत्यात. वांगी घ्यायलेत." मला स्पष्ट ऐकू आलं. मी मान वर केली नाही. घरी येऊन बघतो तर पिशवीत सगळी किडकी वांगी. बायकोनं विचारलं, "डोळं कुठं गेलते?"

त्याच आठवड्यात बिनबिल्ला लिहायला लागला. "राम राम मंडळी. आता फोनला बोललं की फोनच लिवतोय म्हणं. चुकलं तर फोनला हाणा." सगळ्या ग्रुपानं अंगठ्याची चित्रं पाठवली. मला एवढा आनंद झाला, काय सांगू! मी लिहिलं, "शाब्बास धोंडिबा! शिकलास की!" त्यावर आलं, "शिकवणारा बरा भेटला."

अरे, मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. धोंडिबानं जन्मात कधी एका दमात दोन वाक्यं बोललेली मी ऐकली नव्हती. पण माणूस ज्याच्यावर चिडलेला असतो, तो सोडून बाकी सगळे त्याला लई गोड वाटतात.

चार दिवसांनी त्यानं लिहिलं, "सचिव, एक अडचण हाय. माझी मेंढरं तुमच्या बोअरवरून जात्यात. ती तिथं थांबत्यात. मेंढराला पाटी वाचता येत न्हाई. म्हणलं वाचून दावावी, तर मला बी येत न्हाई. आता आमी दोघं बी अडाणी, मग पाणी पिल्यावर गुन्हा कुणावर?" मी हसलो. मग खाली आलं, "वस्तीवरच्या बाया पाटी वाचून माघारी जात्यात. शिकल्याचा त्यांना हा तोटा झाला." इथं मात्र मला हसू आलं नाही. आणि मग, "ठराव. तहान लागंल त्याला पाणी. सूचक, बिनबिल्ला."

मी जेवायला उठलो होतो, तो परत बसलो. विचारही न करता लिहिलं, "अनुमोदक, सचिव." जन्मात पहिल्यांदा. त्याच तारेत जाऊन कमिटीच्या माणसांना गाठलं, ठरावाच्या वहीत पाण्याचा ठराव लिहून घेतला आणि सह्या केल्या. अनुमोदक म्हणून माझंच नाव घातलं. सूचकाची जागा मात्र कोरी सोडली. धोंडिबा सभासद नाही, त्याचं नाव तिथं कसं घालायचं ते मला सुचेना. दुसऱ्या दिवशी पाटी काढली, अजून दोन तोट्या बसवल्या. पहिल्या हंड्याला तुमच्या वस्तीच्या बाया होत्या, त्यांत कमळवहिनी. धोंडिबाची मेंढरं हौदाला लागली होती. आणि तू लांब, तुझ्या त्या विजेच्या खांबाला टेकून उभा होतास. मला वाटलं, हा मला हसतोय. मी पाठ फिरवली.

पण संध्याकाळी राहवलं नाही. धोंडिबाला एकट्याला लिहिलं. सगळं अजून फोनात आहे.

"धोंडिबा, सुखदेव भेटतो का रे?"

"रोज भेटतोय."

"रागात हाय का?"

"रागात असल तर दात कशाला दावतोय?"

"त्याला काढायला नको होतं. ते शेपटाचं तर अजिबात बोलायला नको होतं. त्याच्याबिगर ग्रुप आळणी झालाय. पण आता कोणत्या तोंडानं बोलवू?"

मग आलं, "सचिव, एखादं मेंढरू बाजूला गेलं तरी दिवस मावळताना आमी त्याला धरूनच मोजतो. न्हाईतर मोजणी पुरी होत न्हाई. घाई न्हाई. सवडीनं घ्या."

मी सवडीनं घ्यायचं ठरवलं. सोमवारी घेऊ म्हटलं, सोमवारी जरा विषयही बरा काढू. रविवारी सकाळी चहाचा कप हातात असताना तू गेलास.

तुला पोहोचवून येताना मी धोंडिबाचा हात धरला. म्हटलं, "त्याला काही सांगितलं होतंस का रे, मी लिहिलेलं?" तो रडत होता. "त्यांना समदं ठाऊक हुतं, सचिव," एवढंच म्हणाला. मी समजलो, माझी समजूत काढतोय. मेलेल्याला सगळं ठाऊक असतं असं आपण म्हणतोच की. त्यानं माझं काही हलकं झालं नाही.

मग आठवा दिवस, तुझ्या पुण्यानुमोदनाचा दिवस आला. जेवणाच्या आधी धोंडिबा फोन घेऊन माझ्यापुढं उभा राहिला. "सचिव, ह्याच्यात ह्यांनी काय काय लिवलंय, जरा वाचून दावा. मला ऐकायचं हाय."

"कुणी लिहिलंय?"

"ह्यांनीच की." त्यानं तुझ्या फोटोकडं हात केला.

"अरे, पण तू बोलतोस आणि फोन लिहितो ना?"

"कशाचं बोलतोय! मी बोलाया गेलो की मेंढरंच ओरडत्यात. फोन लिवायचा, बें बें." मग त्यानं सगळं सांगितलं. तू रोज दुपारी लिंबाखाली त्याच्याजवळ जाऊन बसायचास. त्याचा फोन घ्यायचास, लिहायचास, त्याला वाचून दाखवायचास, आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय पाठवायचा नाहीस. मेंढराला पाटी वाचता येत नाही, ही अडचण त्याची होती. मेंढराच्या मोजणीचं सुद्धा त्यानंच तुला सांगितलं होतं. बाकी सगळा चावटपणा तुझा.

मी आजूबाजूला बघितलं. मांडवातले सगळे माझ्याकडं बघत होते. एकशे चाळीसवाला खाली मान घालून म्हणाला, "आमाला पहिल्या दिवशीच कळलतं, सचिव. शाब्बास धोंडिबा म्हणणारे तुमी एकलेच."

म्हणजे अख्खा ग्रुप! ज्याला मी काढलं, त्याच्याशीच मी रोज बोलत होतो. त्यालाच शाब्बास म्हणत होतो. हे डोक्यात शिरायला एक क्षण लागला, आणि तेवढ्यात कमळवहिनी पदर सावरत म्हणाल्या, "त्या दिशी संध्याकाळी घरी आले. म्हणाले, चहा टाक, सचिवानं माफी मागितली. मी म्हणलं, आं? कुणाची? तर म्हणाले, धोंडिबाची." वहिनींना बोलताना हसू आवरेना. "दोन कप पिले. आन् म्हणाले, सोमवारपत्तुर वाट बघू. न्हाईतर धोंडिबाला रिटायर करावं लागंल."

तिथं मी हसलो. सुखदेव, आठ दिवसांनी माझ्या छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. तुला पोहोचलं होतं. मी लिहिलेलं, शेपटासकट, तू स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतंस, आणि त्यावर दोन कप चहा प्यायला होतास. रागात गेला नाहीस. त्या दिवशी मी पोटभर जेवलो, तुझ्या वस्तीवर, तुझ्या माणसांत बसून, आणि वहिनींनी आग्रह करून अजून एक भाकरी वाढली.

हसणं ओसरल्यावर मात्र एक गोष्ट लागून राहिली, ती तुझ्यापासून लपवत नाही. तू जे सांगितलंस तेच धोंडिबानं सांगितलं. तुझ्या नावानं आलं तेव्हा मी तुला हाकललं, त्याच्या नावानं आलं तेव्हा अनुमोदन दिलं. असं कशामुळं? मी लई विचार केला. धोंडिबाला पाणी देताना मी मोठा होत होतो. तुला देताना मला हरावं लागत होतं. आणि ह्या गावात पाण्यावरून तुमच्या लोकांशी वागलेलं किती जुनं आहे, ते तू मला एकदाही ऐकवलं नाहीस. ऐकवायचा हक्क होता तुला. त्याऐवजी तू मेंढराची गोष्ट सांगितलीस, म्हणजे मला मान खाली न घालता पाटी काढता यावी. एवढी माझी काळजी मी सुद्धा कधी घेतली नाही.

परवा धोंडिबाचा ग्रुपात आवाज आला. खराखुरा, लिहिलेला नाही. "मंडळी, आता मीच हाय," एवढं बोलला, आणि पुढं नुसती मेंढरं ओरडतायत. सगळ्यांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. सकाळी विषय टाकायला कुणी धजत नाही. शेवटी मी टाकला: ऊस लावावा का नाही. अजून भांडण चालू आहे, आणि तुझ्या बाजूचे जास्त आहेत. घे, खूश हो.

काल अध्यक्ष म्हणाले, येत्या सभेला सुखदेवच्या दुखवट्याचा ठराव लिहा. मी वही उघडली. तुझ्याबद्दल चार बरी वाक्यं लिहायची होती, पण पान मागं उलटलं आणि पाण्याचा ठराव समोर आला. "तहान लागेल त्याला पाणी." खाली अनुमोदक म्हणून माझं नाव. सूचकाची जागा अजून कोरीच होती.

पेन घेतलं आणि तिथं तुझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, आणि पुढं तीनशे सतरा. बिनजनावराचा माणूस दूध संस्थेत ठराव मांडू शकत नाही, सुखदेव, आणि सचिवाला अनुमोदन देता येत नाही. सूचक तू, अनुमोदक मी. आपण दोघंही नियमात बसत नाही.